सतरावा खांब

पत्र वहीच्या फाडलेल्या पानावर, निळ्या शाईनं लिहिलेलं होतं. ते मला मिळालं तेव्हा निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. पत्ता आमच्या चाचणीशाळेचा होता; तिथल्या कुणीतरी तो खोडून माझ्या घरचा घातला होता. त्याला आता बारा वर्षं झाली. इतकी वर्षं मी त्याला उत्तर दिलं नाही, पण ते मला पाठ आहे.

'माननीय माजगावकर साहेब, माझे वडील दिलीप काशीद यांचं कराडला केस कापण्याचं दुकान आहे. चार वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या खुब्याचा सांधा बदलला. गेल्या महिन्यात तो मोडला. कंपनीच्या अहवालात लिहिलंय की वडील स्टुलावरून पडले आणि त्यामुळे सांधा मोडला. वडील म्हणतात, मी पडलो नाही, दुकानात एकटाच आरशापुढे उभा राहून कात्र्या पुसत होतो, सांधा आधी मोडला आणि मग मी खाली आलो. अहवालाला जोडलेल्या प्रमाणपत्रावर तुमची सही आहे, म्हणून तुम्हाला विचारते. आधी काय झालं असेल? मी वडिलांना खोटं ठरवलं आहे. कृपया उत्तर द्यावं. तेजश्री काशीद.'

पत्र वाचून झालं त्याच क्षणी मला उत्तर माहीत होतं. म्हणूनच लिहिता आलं नाही. माहीत नसतं, तर दिलगिरीच्या चार ओळी मी त्याच दिवशी पाठवल्या असत्या. दिलगिरी व्यक्त करण्यात माझा हात कुणी धरणार नाही. दूधवाल्यानं दूध सांडलं तरी मी त्याची माफी मागतो.

मी काय काम करत होतो ते थोडक्यात सांगतो.

टायटॅनियमचा मिश्रधातू बाहेरून गुळगुळीत आणि एकसंध दिसतो. आतून तो कणांचा बनलेला असतो, रवा दाबून बसवावा तशी. प्रत्येक कणातले अणू एका ठरावीक दिशेनं रचलेले असतात. लाकूड रेषेच्या दिशेनं चटकन चिरतं आणि आडवं चिरत नाही, तसंच इथे. एखादा कण भाराच्या दिशेनं पडला तर कडक, तिरपा पडला तर मऊ. सगळा सांधा दाबून पाहिला, तर कडक आणि मऊ यांची सरासरी तेवढी हाती लागते. म्हणून आम्ही अगदी लहान पातळीवर उतरायचो. धातूच्या तुकड्यावर आयनांच्या झोतानं खांब कोरायचे, केसाच्या दहाव्या हिश्शाइतके जाड, आणि हिऱ्याच्या टोकानं त्यांना वरून दाबायचं. खांब किती दबला, किती परत आला, कुठे घसरला, याचा आलेख पडद्यावर उमटायचा. तीस खांब दाबायचे आणि निकाल द्यायचा. नियम असा होता की भार वाढवत न्यायचा, पाच सेकंद धरायचा आणि सोडायचा. पाच सेकंदांपेक्षा जास्त भार धरला गेला, तर तो खांब बाद करून दुसरा घ्यायचा.

काशीदांच्या खुब्यातला धातू ज्या घाण्यात ओतला होता, त्याचा तुकडा मी सोळा वर्षांपूर्वी दाबला. सोळा खांब झाले. सतराव्याला मी भार चढवला, आणि तो न सोडता पुस्तक वाचत बसलो.

हे लिहायला मला सोळा वर्षं लागली. टेबलाच्या खणात एक जाड प्रवासवर्णन होतं. जेवणानंतरची वेळ होती, खोलीत मी एकटा होतो, आणि पुस्तकातला माणूस एका गोठलेल्या नदीवरून चालत पलीकडे जायला निघाला होता. एक पान म्हणून मी खण उघडला. मान वर केली तेव्हा बावीस मिनिटं झाली होती. पडद्यावरची रेघ सरळ आडवी राहायला हवी होती, कारण भार तेवढाच होता. ती उताराला लागली होती आणि शेवटी तिला एक पायरी पडली होती. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. त्या खांबात एक मऊ आणि एक कडक असे दोन कण शेजारी शेजारी आले होते. मऊ कण हळूहळू बसला होता आणि कडक कणाला तडा गेला होता.

चार माणसं कपाट घेऊन जिना चढतात, तेव्हा एकानं गुडघ्यात थोडं नमतं घेतलं की त्याचं वजन शेजाऱ्यावर जातं. नमणारा शाबूत राहतो. ताठ राहणाऱ्याची पाठ मोडते. धातूतही तसं होतं, आणि ते झटक्यानं होत नाही. भार धरून ठेवावा लागतो.

ही गोष्ट विमानाच्या इंजिनातल्या चक्रांबाबत जुन्या लोकांना ठाऊक होती, मलाही होती. पण सांध्याच्या धातूत, अंगाच्या उष्णतेला, इतक्या लवकर? मी स्वतःशी म्हटलं, माजगावकर, तू कामावर कादंबरीसारखं काहीतरी वाचत होतास, टोक तिरकं बसलं असेल, टेबलाला धक्का लागला असेल, तुझाच हात चुकला असेल. वहीत लिहिलं, 'सतरावा खांब. हाताची चूक. बाद.' एकतिसावा खांब घेतला. तो उत्तम निघाला. नियमाप्रमाणे सगळं बरोबर होतं. सही केली.

*

पत्र आल्यानंतर वर्षभरानं मी कराडला गेलो. नीलाला, माझ्या बायकोला, जुन्या ग्रंथालयात एक पोथी पाहायची आहे असं सांगितलं. ठरवलं होतं की दुकानात जायचं, नाव सांगायचं, बोलायचं.

दिलीप काशीद उंच फिरत्या स्टुलावर बसून केस कापत होते. दुसरा सांधा बसवलेला होता. बाकावर एक गृहस्थ पेपर वाचत होते.

"बसा काका," काशीद म्हणाले. माझ्या डोक्याकडे पाहून हसले. "कापायला काय ठेवलंयसा? हायत त्येंना नुसतं वळण लावू."

मी बसलो. त्यांनी कापड गुंडाळलं. नाव सांगायची हीच वेळ होती. मी विचारलं, "बसून काम करता?"

"आता बसून. आधी तीस वर्सं हुबा हुतो."

"स्टुलावर चढायचे, स्टुलावरच बसवलं देवानं," बाकावरचे म्हणाले.

"तू पेपर वाच." काशीदांची कात्री थांबली नाही. "कंपनीवालं म्हणत्यात, पंखा पुसायला चढलो आन पडलो. वर बघा काका, त्यो पंखा. किती वर्साची धूळ हाय? पुसला आसता तर आसा दिसला आसता का?"

"पुसायच्या आदीच पडलास की," बाकावरचे म्हणाले, आणि दोघंही हसले. हा विनोद त्यांच्यात रोज होत असावा.

मग काशीद आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "सांध्यात मणी आसतो बघा. पावलं मोजतो. त्या दिवशी सकाळपास्नं पावलं किती, तर चाळीस. म्हंजी कंपनीच्या लेखी मी कामच केलं न्हाई, सांध्यावर जोरच आला न्हाई, मग मोडंल कसा? पडला आसंल. आता न्हावी कुठं चालत जातोय? न्हावी हुबा ऱ्हातो. डाव्या पायावर जोर दिऊन हुबा. हुबं ऱ्हायलेलं त्या मण्याला मोजता येत न्हाई."

नाव सांगायचं तेव्हाही राहिलं. मानेवर वस्तरा होता, हे काही कारण नव्हे.

"पोरगी शिकल्याली हाय माजी," ते पुढे म्हणाले. "तिनं अहवाल वाचला. म्हणती, पप्पा, खरं सांगा, मी रागावणार न्हाई. म्या खरं सांगितलं. तर म्हणती, पप्पा, खरं सांगा."

"येते का घरी?"

"येती. डबा ठिवती, जाती." त्यांनी कापड झटकलं. "झालं बघा. आता कसं, जावय शोभताय."

मी उठलो, हात जोडले आणि पुण्याची बस धरली. पत्र मी त्याच प्रवासवर्णनात ठेवून दिलं होतं, गोठलेल्या नदीच्या पानाशी. त्या पुस्तकाचं पुढचं पान मी आजवर उलटलेलं नाही.

*

या वर्षी होळीच्या आधी मृण्मयी इनामदार घरी आली. ती माझ्या हाताखाली चार वर्षं होती. आता चाचणीशाळेची प्रमुख आहे. आली की ती वाकून नमस्कार करते आणि सरळ स्वयंपाकघरात जाते.

"काकू, उकड आहे का?"

"तू येणार म्हणून केली नाही, यांना दात दुखतोय म्हणून केली," नीला म्हणाली आणि तिला वाटी दिली.

मृण्मयी खूश होती. "सर, तिफणीनं तुमचा तुकडा पास केला."

तिफण म्हणजे त्यांचं नवं यंत्र. माझ्या काळी हिऱ्याचं एक टोक होतं, हिच्यात शंभर आहेत, आणि ती ओळीनं पेरत जाते. एका आठवड्यात अकरा लाख टिंबं टोचते आणि धातूच्या प्रत्येक कणाचा नकाशा काढते. असं यंत्र मला मिळालं असतं तर, असं पूर्वी वाटायचं. त्याच घाण्यातल्या सांध्यांपैकी आता चौथा मोडला होता, म्हणून चौकशी समितीनं शाळेनं जपून ठेवलेला जुना तुकडा तपासायला सांगितला होता.

"अकरा लाखांत एकही टिंब वाईट नाही," ती म्हणाली. "तीनशे अकरा माणसांच्या अंगात या घाण्यातला धातू आहे. सगळे सुटले. समितीचं एवढंच अडलंय." तिनं पडद्यावर माझ्या वहीचं पान दाखवलं. माझंच बारीक, डावीकडे झुकलेलं अक्षर. 'सतरावा खांब. हाताची चूक. बाद.' "तुम्ही लिहिलंय तेच एका ओळीत परत लिहून सही करायची. मी इतकंच सांगितलं त्यांना, की सरांनी चूक लिहिलीय म्हणजे चूकच असणार. सर स्वतःची चूक कधी लपवत नाहीत."

नीलानं माझ्याकडे पाहिलं.

"चौथा सांधा कुणाचा?" मी विचारलं.

"नाशिकची वाहतूक हवालदार. त्याआधी कापडाच्या दुकानातले कटिंग मास्तर. त्याआधी वसतिगृहातल्या एक स्वयंपाकीणबाई, आणि सगळ्यात आधी कराडचे ते. चौघांचीही पावलं सरासरीपेक्षा कमी आहेत सर, म्हणजे जास्त वापरानं झिजले म्हणावं तर तेही नाही. पडलेच असणार."

"तिफण भार किती वेळ धरते?"

"पाच सेकंद." ती हसली. "नियमाप्रमाणे. तुम्हीच शिकवलंय."

मी म्हटलं, उद्या मी तिकडे येतो, तिथेच सही करतो. तिला त्यात आनंदच झाला.

ती गेल्यावर नीला वाटी विसळत म्हणाली, "त्या पुस्तकातलं पत्र ना?"

"तू वाचलंस?"

"बारा वर्षांपूर्वी. पुस्तक झटकताना खाली पडलं. म्हटलं, सांगाल कधीतरी. मग वाट बघायची सवय झाली." नळ बंद करून ती म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं, मला सांगाल का? 'मला नक्की सांगता येणार नाही' असं सुरू करू नका फक्त."

"चारही माणसं उभ्यानं काम करणारी आहेत," मी म्हणालो. "मला नक्की..." आणि थांबलो.

"बरं," नीला म्हणाली. "उद्या स्वेटर घालून जा. तिकडे गार असतं."

*

चाचणीशाळेत मला कुणी ओळखत नव्हतं, ते बरंच झालं. मृण्मयीनं तिफण दाखवली. समितीचा कागद टेबलावर तयार होता.

मी म्हणालो, "सही करण्याआधी एक खांब दाबून बघू. भार बावीस मिनिटं धरायचा."

"बावीस? सर, तो आकडा कुठून आला?"

मी सांगितलं. खण, पुस्तक, गोठलेली नदी, पायरी पडलेली रेघ. सांगताना मी तिच्याकडे न बघता तिफणीच्या टेबलाच्या पायाकडे बघत होतो. पायाखाली रबराच्या चकत्या होत्या, धक्का लागू नये म्हणून. आमच्याकडेही होत्या. धक्का लागणं शक्य नव्हतं, हे मला सोळा वर्षं ठाऊक होतं.

तिनं समितीच्या कागदावरचं पेन उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "तुम्ही वाचत होता."

"हो."

"आम्हाला चहाचा कप आत आणू देत नव्हता तुम्ही."

"हो."

ती उठली. नकाशा काढून तिनं मऊ आणि कडक कण शेजारी असलेली जागा शोधली, खांब कोरायला लावला, आणि दुपारी तिफणीचं एकच टोक त्यावर टेकवलं. रेघ चढली आणि आडवी झाली. पाच सेकंद गेले. तिफणीनं आपण होऊन हिरवा दिवा लावला. मृण्मयीनं तो बंद केला.

आम्ही बसून राहिलो. सात मिनिटं झाली, रेघ आडवीच. माझ्या मनात पहिल्यांदा आलं, की चूक माझीच निघावी. मी सोळा वर्षं उगाच झुरलो असं ठरावं, मी एक मूर्ख म्हातारा आहे असं सिद्ध व्हावं, काशीद खरंच स्टुलावरून पडलेले असावेत. दहाव्या मिनिटाला रेघ कणभर खाली आली. मृण्मयी पुढे झुकली. मला वाटलं, नजर कमजोर झालीय माझी. पण तीही तिथेच बघत होती. त्यानंतर रेघ उतरतच राहिली, सावकाश, जत्रेच्या गर्दीत कुणी बसत चाललेलं कुणाला कळू नये तशी. एकोणिसाव्या मिनिटाला पायरी पडली.

आवाज काही येत नाही. इतक्या लहान गोष्टीला आवाज नसतो.

"आणखी दहा करू," ती म्हणाली. त्यातले सात संध्याकाळपर्यंत तडकले.

समितीचा कागद तिनं उलटा करून ठेवला. "तीनशे अकरा माणसांना बोलवावं लागेल. आधी उभ्यानं काम करणाऱ्यांना. नियम बदलावा लागेल, तो आमच्यासारख्या वीस शाळा वापरतात. आणि प्रमाणपत्रावर नाव आपल्या शाळेचं आहे."

"खाली सही माझी आहे. मी सगळं लिहून देतो. पुस्तकासकट."

"द्यालच." तिनं चष्मा काढून पुसला. "सर, स्वयंपाकीणबाई सहा वर्षांपूर्वी पडल्या. म्हणजे, पडल्या नाहीत. त्या अजून अंथरुणावर आहेत. तुम्ही बारा वर्षांपूर्वी एक फोन केला असता तरी."

मी 'हो' म्हणालो. 

पूर्वी संध्याकाळी मी निघालो की ती मला फाटकापर्यंत सोडायला यायची. त्या दिवशी जागेवरूनच म्हणाली, "गाडी सांगितलीय, दाराशी येईल." गाडीत कुणीच नव्हतं, चालवणाराही नाही. एका अर्थी बरं वाटलं.

*

पत्राचे तीन खर्डे झाले. पहिल्यात माफीचाच मजकूर दीड पान होता. दुसऱ्यात मी धातूचे कण समजावले. तिसरा नीलानं वाचायला मागितला आणि शिसपेन्सिलीनं वरची बारा वाक्यं खोडली.

"त्या मुलीनं विचारलंय काय?"

"आधी काय झालं असेल."

"मग ते आधी लिहा. तुमचं मन मोकळं करायला तिनं पत्र पाठवलं नव्हतं."

शेवटी असं लिहिलं.

'चि. तेजश्री काशीद यांस, तुमच्या वडिलांचा सांधा आधी मोडला. ते पडले नव्हते, उभे होते. ते म्हणतात तसंच झालं. बराच वेळ उभं राहिल्यानं हा धातू आतून तडकतो, हे आता चाचणीत दिसलं आहे. त्याची प्रत सोबत आहे, ती कुणालाही दाखवावी. हे मला तुमचं पत्र आलं तेव्हाच कळायला हवं होतं, आणि कळलं होतं. चाचणीच्या दिवशी मी यंत्रावर लक्ष न ठेवता पुस्तक वाचत होतो, त्या लाजेपोटी मी एक नोंद चुकीची म्हणून बाद केली आणि पुढे गप्प राहिलो. तुमच्या वडिलांना तुम्ही खोटं ठरवलं नाही. ते माझ्या सहीनं झालं. मी एकदा त्यांच्याकडे केस कापायला येऊन गेलो आहे, त्यांना आठवणार नाही. त्यांचा दुसरा सांधा कोणत्या घाण्यातला आहे ते तपासून घ्यावं. कुठे आणि कुणाकडे, ते मागे लिहिलं आहे. श्रीकांत माजगावकर.'

वडील हयात आहेत की नाही, मला माहीत नव्हतं. नीला म्हणाली, "असतील असं धरून लिहा. नसले तरी तिला हवंच आहे ते."

आमच्या भागात आता एकच टपालपेटी उरली आहे, जुन्या पाण्याच्या टाकीजवळ. तिच्यावर लिहिलेलं आहे की दुपारी बारा वाजता उघडते. मी साडेअकराला पोहोचलो. पत्ता पुन्हा वाचला, पिनकोड पुन्हा वाचला आणि पाकीट आत सोडलं. सोडल्यावर वाटलं, ते आत अडकलं असेल. बोटानं चाचपलं. मग वाटलं, पेटी आता कुणी उघडतच नसेल. माझ्यासारख्या माणसाला असं वाटायचंच. समोर बाक होता. मी बसलो नाही.

बाराला पाच कमी असताना टपाल खात्याची एक मुलगी सायकलवरून आली. तिनं कुलूप काढलं.

"आजोबा, परत हवंय का पत्र? काही जण येतात असे, परत मागायला."

"नको," मी म्हणालो. "तुम्ही न्या."

पेटीत तेवढं एकच पाकीट होतं. तिनं ते पिशवीत टाकलं, कुलूप लावलं आणि टाकीच्या उतारावरून निघून गेली.